नेरुळच्या हॉलमधला किल्ला : ‘मीडीव्हल मॅडनेस’ पिनबॉल

ताईच्या नेरुळच्या घरात खिडकीखाली, जिथे पूर्वी दिवाण होता, तिथे आता किल्ला आहे. काचेखाली बुरूज, मधोमध लोखंडी जाळीचा दरवाजा, दरवाज्यापुढे खंदकावरचा उचलता पूल. पोलादी गोळ्याने हा किल्ला पाडायचा असतो. यंत्राचं नाव ‘मीडीव्हल मॅडनेस’. शिकागोच्या विल्यम्स कंपनीने १९९७ साली काढलेलं पिनबॉल. भावोजी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. नोकरीची शेवटची काही वर्षं त्यांनी अमेरिकेत किनाऱ्यावर काढली आणि परत येताना घरसामानाच्या कंटेनरमध्ये हे धूड घालून आणलं. न्हावाशेवा ते नेरुळ अंतर फारसं नाही, पण टेम्पोतून उतरवून हॉलमध्ये न्यायला सहा माणसं लागली. शंभर किलोच्या वर वजन. सिडकोचं रो-हाउस, हॉल तळमजल्यावर, म्हणून जमलं.

गेली दोन वर्षं शनिवारी दुपारी ऐरोलीहून लोकल पकडून मी नेरुळला जाते ती निम्मी ताईसाठी आणि निम्मी या यंत्रासाठी. आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही, इतकं ते हातात बसलं आहे. मी मूळची कॅरमची. बँकेच्या संघातून बावीस वर्षं खेळले, अजूनही रोज संध्याकाळी सोसायटीच्या क्लबमध्ये दोन बोर्ड होतात. त्यामुळे जे काही सांगते आहे ते कॅरम खेळणाऱ्या हाताने सांगते आहे.

माझ्या वयाच्या लोकांनी पिनबॉल पाहिलं नसेल, पण बॅगाटेल नक्की खेळलं असेल. लाकडी फळी, अर्धगोलात ठोकलेले खिळे, कडेला स्प्रिंगचा दांडा. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर चालायचं. त्याचंच हे मोठं भावंड. माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या गृहस्थांनी १८७१ साली अमेरिकेत स्प्रिंगच्या दांड्याच्या बॅगाटेलचं पेटंट घेतलं, तिथून पिनबॉलची वंशावळ सुरू होते. पण बॅगाटेलमध्ये गोळी एकदा सुटली की आपण नुसते प्रेक्षक. पिनबॉललाही कितीतरी वर्षं हेच लागू होतं. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ यंत्रावर पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर आले, म्हणजे खालून गोळा परत वर मारणाऱ्या त्या छोट्या पाती, आणि खेळ खेळणाऱ्याच्या हातात आला. तरीही पिनबॉल म्हणजे जुगार हा शिक्का पुसायला आणखी जवळजवळ तीस वर्षं गेली. न्यूयॉर्क शहरातली बंदी १९७६ साली उठली, तेव्हा रोजर शार्प या तरुणाने नगरपरिषदेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखवलं. गोळा कुठल्या वाटेने जाईल ते त्याने आधी सांगितलं आणि तसाच घालून दाखवला. पॉकेट आधी सांगून सोंगटी घालणं ज्यांनी केलं आहे त्यांना त्या क्षणाची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

आता यंत्राकडे येते. रचना ब्रायन एडी यांची. याआधी १९९५ साली त्यांनी ‘अटॅक फ्रॉम मार्स’ केलं होतं, त्यातही मधोमध एक मोठं लक्ष्य आणि दोन बाजूंना रॅम्प, म्हणजे गोळा चढवायचे उतार, होते. तीच कल्पना इथे किल्ल्याच्या रूपात आली. नियमांची आज्ञावली लायमन शीट्स यांची, चित्रं ग्रेग फ्रेरेस आणि जॉन युसी यांची. एकूण ४,०१६ यंत्रं निघाली. दोनच वर्षांत, १९९९ साली, विल्यम्सने पिनबॉलचा विभागच बंद केला. त्यामुळे जी आहेत ती आहेत, आणि त्यांची किंमत तेव्हापासून बरीच चढली आहे. २०१५ मध्ये शिकागो गेमिंग या कंपनीने याची नवी आवृत्ती काढली. रचना आणि नियम तेच, आत एलईडी दिवे आणि नवं इलेक्ट्रॉनिक्स. आमच्याकडचं मूळचं, पिवळ्या बल्बांचं. हॉलमधला दिवा मालवून ते चालू केलं की दगडी तटावर कंदील लागल्यासारखं दिसतं. एलईडीला हा रंग येत नाही, या मतावर मी ठाम आहे.

पुढे उभं राहिलं की काय दिसतं? साडेसहा अंशांनी आपल्याकडे उतरता आखाडा, म्हणजे गोळा फिरतो ती फळी. खाली फक्त दोन फ्लिपर, त्यांच्या मधे फट. फ्लिपरांच्या वर दोन्ही बाजूंना रबर ताणलेले त्रिकोण आहेत, गोळा लागला की आडवा फेकतात. त्यांना स्लिंगशॉट म्हणतात, म्हणजे आपली गलोलच. वर मधोमध किल्ला. त्याच्या डावीकडचा रॅम्प शेतकऱ्यांच्या बंडाचा, उजवीकडचा राजकन्येच्या बुरुजाचा. बाहेरून फिरून येणाऱ्या दोन वाटा भालाईत स्वारांच्या झुंजीच्या. गोळा फेकणारं एक दगडफेकीचं यंत्र आहे आणि मर्लिन जादूगाराचा एक खळगा, त्यात गोळा बसला की काहीतरी बक्षीस मिळतं. किल्ल्यासमोरच्या मैदानात दोन झाकणं आहेत. वेळ आली की त्यांतून दोन ट्रोल, म्हणजे राक्षसांची मुंडकी, खटकन वर येतात आणि तोंड उघडून शिव्या देतात.

गोळा ८० ग्रॅमचा. आमचा स्ट्राइकर नियमाने जास्तीत जास्त १५ ग्रॅम. हा फरक वाचून कळत नाही, फ्लिपरच्या बटणातून बोटात येतो तेव्हा कळतो.

हे यंत्र मला थोर का वाटतं? पिनबॉलची बरीच यंत्रं मी भावोजींच्या ओळखीतल्या लोकांकडे आणि एकदा सिंगापूरच्या सहलीत पाहिली. बहुतेकांत गोष्ट एका बाजूला राहते आणि खेळ दुसऱ्या बाजूला. वर एखादं चित्र असतं, आवाज असतात, पण आपण मारतो तो नुसता रॅम्प. इथे हात जे करतो तेच गोष्टीत घडतं. गोळा पुलावर आदळला की पूल खाली येतो. मग जाळीच्या दरवाज्यावर मारा. दरवाजा उचलला गेला की गोळा सरळ आत, आणि मग किल्ला उडतो. बुरूज कलतात, आतल्या कॉइल, म्हणजे विजेच्या गुंडाळ्यांनी हलणारे दांडे, धडाधड आपटतात, दिवे लखलखतात, पायाखालची फरशी थरथरते. माझ्या भाच्याने पहिल्यांदा किल्ला पाडला तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि स्टुलावर उभा होता. त्याला कोणी नियम सांगितले नव्हते. सांगावेच लागले नाहीत. दिवाळीत ज्या मुलाने मातीचा किल्ला केला आहे त्याला दरवाजा दिसला की काय करायचं ते माहीत असतं.

आणि इथेच या यंत्राने माझी फसगत केली, ती अशी.

पहिला महिनाभर मी फक्त दरवाज्यावर मारत राहिले. तो अगदी समोर आहे, मोठा आहे, आणि किल्ल्याचा मालक वरून टोमणे मारत असतो. कॅरममध्ये समोरची सोंगटी सरळ पॉकेटच्या रेषेत असली तर कोण सोडतं? पण इथे सरळ मारलेला गोळा सरळच परत येतो. दरवाज्याला थोडा जरी कडेला लागला तरी दोन फ्लिपरांच्या बरोबर मधल्या फटीत, आणि तुम्ही दोन्ही बटणं दाबून नुसतं बघत राहता. एका संध्याकाळी माझे डावातले तीनही गोळे मिळून दोन मिनिटंसुद्धा टिकले नाहीत. भावोजी मागे चहा घेऊन उभे होते. म्हणाले, “मेव्हणीबाई, किल्ल्याला वेढा घालायचा असतो. दरवाज्यावर डोकं नाही आपटायचं.”

भाचा तेव्हा शाळेत चिमाजीअप्पांची वसई मोहीम शिकत होता. त्याने लगेच विचारलं, मग इथे सुरुंग कुठे आहे? मुलाचा प्रश्न अचूक होता. १७३९ साली वसई काही दरवाज्यावर धावून जाऊन पडली नाही. महिनोन्‌महिने वेढा, मोर्चे, आणि शेवटी बुरुजाखाली लावलेले सुरुंग. त्याआधी दोन वर्षं, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला. आज त्याच तटाच्या आत मध्यवर्ती कारागृह आहे आणि आपण रोज त्याच्या बाजूने जातो. मी त्या रात्री लोकलमध्ये बसून यंत्राचे नियम त्या दृष्टीने पुन्हा मनात मांडले, आणि सुरुंग सापडला.

तो असा. या यंत्रात सहा बिरुदं मिळवायची असतात. शेतकऱ्यांचा कैवारी, दगडफेकीतला पटाईत, झुंजीतला अजिंक्यवीर, राजकन्यांचा रक्षक, ट्रोलांचा कर्दनकाळ आणि किल्ले पाडणारा. सहाही मिळाली की शेवटची ‘राज्यासाठीची लढाई’ सुरू होते. पण वाटेत या कामांचा आणखी एक उपयोग आहे. किल्ला सोडून बाकीच्या पाचांपैकी कुठलंही काम ठरावीक वेळा पुरं केलं की त्याचा ‘मॅडनेस’ तुमच्या नावावर शिल्लक राहतो. तो लगेच वापरायचा नाही. दुसरा जमवायचा, तिसरा जमवायचा. मग मल्टिबॉल सुरू केला, म्हणजे एकाच वेळी अनेक गोळे आखाड्यात आले, की जमवलेले सगळे मॅडनेस एकदम पेटतात आणि प्रत्येक वाटेवर मोठे गुण लागतात. पाचही जमवून मल्टिबॉल केला तर त्याला ‘रॉयल मॅडनेस’ म्हणतात. मला ते आजवर दोनदाच जमलं. पण तीन जमवणं कुठल्याही धीराच्या माणसाला जमेल, आणि माझा बहुतेक गुणफलक त्या तिनांवरच उभा आहे.

दरवाज्यावर हल्ला करायचा तो या वेळी. चार गोळे फिरत असताना एखादा मधल्या फटीत गेला तरी खेळ चालू राहतो. जो फटका एकट्या गोळ्याने मारणं वेडेपणाचं आहे तोच फटका मल्टिबॉलमध्ये शहाणपणाचा ठरतो. तसाच दुसरा मोका म्हणजे गोळा सुरू झाल्यानंतरचे पहिले काही सेकंद. तेव्हा यंत्र गोळा खाली गेला तर परत देतं. हे सेकंद लोक सोप्या रॅम्पवर घालवतात. ते पुलावर आणि दरवाज्यावर घालवा. मी मनात असं ठरवून टाकलं आहे की दरवाजा म्हणजे क्वीन. क्वीन घ्यायच्या आधी कव्हर कुठे आहे ते बघायचं. कव्हर नसेल तर हात लावायचा नाही.

एरवीचा धंदा रॅम्पवर करायचा. रॅम्पवर नीट चढलेला गोळा वरून फिरून आतल्या वाटेने अलगद फ्लिपरवर येतो, म्हणजे पुढच्या फटक्याची तयारी तोच करून देतो. सोंगटी घालून स्ट्राइकर पुढच्या सोंगटीसाठी जागेवर आणायचा, तसंच. डावा, उजवा, डावा, अशी लय लागली की दहा-बारा फटके हाताला न विचारता जातात. अशा वेळी ताईच्या स्वयंपाकघरातून कोणी हाक मारली तर मला ऐकू येत नाही. तिला त्याचं वाईट वाटत नाही, कारण तिचंही तसंच होतं.

ही लय लागायच्या आधी मात्र एक गोष्ट शिकावी लागते आणि तीच सगळ्यांत अवघड. फ्लिपर न मारणं. नवा माणूस गोळा दिसला की बटण दाबतो, दोन्ही हातांनी. तसं करू नये. गोळा हळू येत असेल तर फ्लिपर वर धरून ठेवायचा. गोळा त्याच्या खोबणीत येऊन थांबतो. थांबला की श्वास घ्या, गुणफलक बघा, कुठला दिवा लागला आहे ते बघा. गोळा वेगाने सरळ फ्लिपरवर येत असेल तर अजिबात हलू नका. तो पडून असलेल्या फ्लिपरवर टप्पा घेऊन समोरच्या फ्लिपरकडे जातो आणि निम्मा वेग तिथेच जिरतो. माझ्यासारख्या रिबाउंड पाहत वाढलेल्या बाईला हे कळायला खरं तर दोन महिने लागायला नको होते, पण लागले. घाबरलेला हात गणित करत नाही.

नेमबाजीचं सूत्र एकच आहे. गोळा फ्लिपरच्या मुळाजवळ असताना मारला तर तो त्याच बाजूला वर जातो. टोकाकडे घरंगळू देऊन मारला तर तिरका समोरच्या बाजूला जातो. उजव्या फ्लिपरवरून शेतकऱ्यांचा डावा रॅम्प हवा असेल तर गोळ्याला टोकाकडे येऊ द्यायचं. जरा लवकर मारलात तर गोळा किल्ल्याच्या तोंडावर, आणि तिथून पुन्हा मधली फट. कॅरममध्ये आपण कट किती जाड, किती पातळ हे डोळ्यांनी मोजतो. इथे तेच काळात मोजायचं, एका सेकंदाच्या लहानशा तुकड्यात.

ट्रोल वर आले की माझा भाचा हर्षाने ओरडतो आणि मी सावध होते. ते किल्ल्यासमोरच असल्याने त्यांच्या कपाळावर बसलेला फटका दरवाज्याच्या फटक्याइतकाच धोक्याचा. यासाठी ‘ट्रोल बाँब’ जमवता येतात. ट्रोल वर असताना गोळा सोडायचं बटण दाबलं की बाँब फुटतो. हे बटण खेळताना विसरायला होतं, कारण दोन्ही हात फ्लिपरवर असतात. मी भाच्याला शेजारी उभा करते आणि “बाँब!” म्हटलं की तो दाबतो. स्पर्धेत चालणार नाही. घरात चालतं.

यंत्राला हलवायची परवानगी आहे, आणि थोडंफार हलवणं हा खेळाचाच भाग आहे. तळहाताने हलका धक्का दिला तर कडेच्या वाटेने खाली निघालेला गोळा कधी कधी वाचतो. पण आत एक लंबक टांगलेला असतो, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. तो भोवतालच्या कड्याला लागला की आधी सूचना आणि मग ‘टिल्ट’. फ्लिपर मरतात, तो गोळा गेला, शिल्लक बोनस गेला. भावोजींनी लंबक कडक लावला आहे. मला ते पटतं.

विषयाबद्दल एक तक्रार आहे आणि ती माझ्या मोठ्या भाचीची आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, राजकन्या नेहमी बुरुजात अडकलेलीच का? मला उत्तर सुचलं नाही. एवढं खरं की या राजकन्या मुळूमुळू रडत नाहीत, फटकळ बोलतात. त्यांतले काही आवाज टिना फे या विनोदी अभिनेत्रीचे आहेत, ती दूरचित्रवाणीवर गाजायच्या आधी शिकागोच्या रंगभूमीवर काम करत होती तेव्हाचे. किल्ल्यांच्या मालकांची नावं ऐकून इंग्रजी जाणणारे हसतात. लॉर्ड हॉवर्ड हर्ट्झच्या नावात दुखणं आहे, शेवटचा मोठा शत्रू किंग ऑफ पेन, त्याच्या नावात वेदना. भाची तरीही नाखूश असते. ती खेळते मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं. तिने एका बैठकीत सलग तीन किल्ले पाडलेले मी पाहिले आहेत.

आता हे घरी ठेवण्याबद्दल. कोणी आणायचा विचार करत असेल तर हा भाग नीट वाचा, कारण नवी मुंबईची हवा या यंत्राला मानवत नाही. खाडी जवळ, पावसाळ्याचे चार महिने भिंतीलासुद्धा घाम. पहिल्या पावसाळ्यात गोळ्यांवर गंजाचे बारीक ठिपके आले. ठिपक्यांचा गोळा म्हणजे फिरता पॉलिशपेपर, आखाड्यावरचं चित्र खरवडून काढतो. आता जूनपासून गोळे काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, खेळताना पुसून घालतात. काचेखाली सिलिका जेलच्या पुड्या असतात. आखाड्याला दोन महिन्यांतून एकदा कार्नोबा मेण. इथे मला आमच्या बोरिक पावडरची आठवण येते. मेण लावलेल्या दिवशी गोळा इतका पळतो की दहा मिनिटं हात नव्याने बसवावा लागतो.

वीज ही अडचण वाटली होती, ती निघाली नाही. यंत्र अमेरिकेतलं, ११० व्होल्टचं. पण आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीत बदल करून ते आपल्या २२० वर घेता येतं, बाहेर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फ्लिपरच्या कॉइल ५० व्होल्टवर चालतात. प्रत्येकीत दोन गुंडाळ्या असतात, एक झटका देणारी जोरदार आणि दुसरी फ्लिपर वर धरून ठेवणारी बारीक. म्हणूनच फ्लिपर धरून गोळा थांबवला तरी कॉइल जळत नाही. हे समजल्यावर मी निर्धास्तपणे थांबायला लागले, आणि माझे गुण वाढले.

डावा ट्रोल मागच्या वर्षी अर्धाच वर यायचा. बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने कॉइलच्या दांड्याला शिवणयंत्राचं तेल घातलं. आठवडाभर छान चाललं आणि मग तेलात धूळ बसून ट्रोल पूर्ण अडकला. या यंत्रात कॉइलच्या आतला दांडा कोरडाच ठेवायचा असतो, नळी साबणाच्या पाण्याने धुवायची, पुसायची, घालायची. भावोजींनी रविवार घालवून ते केलं. तुटलेली एक स्प्रिंग रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपने नमुना बघून वळून दिली, मूळच्या स्प्रिंगइतकीच उत्तम. रबराची वलयं मात्र बाहेरूनच मागवावी लागतात आणि ती दर दोन-तीन वर्षांनी वातड होतात. आणखी एक गोष्ट, जुनं यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने आधी तपासावी अशी. मागच्या पेटीतल्या मुख्य बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात, उच्चांक लक्षात ठेवण्यासाठी. ते पाझरले की बोर्ड खातात. आमच्याकडे ते वायरने लांब, पेटीच्या बाहेर काढून ठेवले आहेत.

ज्यांना घरी यंत्र शक्य नाही, म्हणजे आपण जवळजवळ सगळेच, त्यांच्यासाठी संगणकावर वाट आहे. झेन स्टुडिओजने २०१८ पासून विल्यम्सची जुनी यंत्रं ‘पिनबॉल एफएक्स’ मालिकेत आणली, त्यांत हे आहे. भाच्याच्या संगणकावर मी ते पुष्कळ खेळले. नियम तंतोतंत तेच, आवाज तेच. मॅडनेस कसे साठवायचे, कुठला दिवा कशासाठी, हे सगळं मी तिथेच शिकले, आणि ज्याला डावपेच शिकायचे आहेत त्याने तिथूनच सुरुवात करावी, मी मनापासून सांगते. पण पडद्यावरच्या गोळ्याला वजन नाही. किल्ला उडतो तेव्हा तुमचे तळवे हलत नाहीत. फ्लिपरवर आलेला गोळा थांबला हे डोळ्यांना दिसतं, बोटांना कळत नाही. फोनवर कॅरम खेळणाऱ्यांना मी जे सांगते तेच इथेही.

माझा आजवरचा उच्चांक ४ कोटी १२ लाख. राज्यासाठीची लढाई मी पाहिली आहे ती भावोजींच्या खांद्यावरून. मागच्या गणपतीत, आरती आटोपून पाहुणे गेल्यावर, रात्री साडेअकराला त्यांना सहावं बिरुद मिळालं. सगळे दिवे विझले, क्षणभर हॉल काळोखात गेला असं वाटलं, आणि मग ट्रोल, गोळे, किल्ला सगळं एकदम. ताई ओले हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. भावोजी हरले, किंग ऑफ पेन शाबूत राहिला, आणि कोणी काही बोललं नाही बराच वेळ. साठी ओलांडलेल्या माणसाचे हात थरथरताना मी पाहिले. या वर्षी मला तिथे पोचायचं आहे.

दिवाळीत भाचा आमच्याकडे ऐरोलीला आला होता. सोसायटीच्या मागच्या बाजूला दरवर्षी मुलं किल्ला करतात. माती खाडीकडून, दगड कुठलेही, वर अळीव पेरलेले, मावळे मागच्या वर्षीचे. आदल्याच आठवड्यात मी मुलांना बेलापूरला किल्ले गावठाणाजवळचा जुना बुरूज दाखवून आणलं होतं. या वेळी भाच्याने दरवाजा पुठ्ठ्याचा केला, वरून सुतळी बांधून उचलता ठेवला, पुढे खंदक खणून पाणी भरलं. मग दहा पावलांवर पाट तिरका लावून त्यावरून गोट्या सोडायचा खेळ सुरू झाला. सगळी मुलं सरळ दरवाज्यावर नेम धरायची आणि गोट्या खंदकात बुडायच्या. भाचा पाटाशी उकिडवा बसला, गोटी हातात धरून थांबला, आणि दरवाजा सोडून डाव्या बाजूच्या उताराकडे बघायला लागला.